किल्ली कुठे असते ते घरात सगळ्यांना माहीत असतं

ताई, नमस्कार.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. घरात मी, मिस्टर, बारावीतली मुलगी, माझ्या सासूबाई आणि दीड वर्षापासून शिकायला आलेला पुतण्या. दीर-जाऊ जत तालुक्यात गावाकडे असतात. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांचा कॅन्सर हाडात उतरलाय. मिरजेच्या हॉस्पिटलमधून मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात, दिवसाला ६, चौदा दिवसांच्या ८४. सोपं पडावं म्हणून मी त्या पाकिटातून काढून डबीत भरून ठेवते. गेल्या महिन्यात गोळ्या अकराव्या दिवशीच संपल्या. वाटलं, माझंच मोजायला चुकलं. त्याच आठवड्यात तांदळाच्या डब्यातले सात हजार गेले आणि कपाटातली आत्यांची एक पाटली गेली. मी कामवाल्या मावशींना काढून टाकलं. नऊ वर्षं होत्या आमच्याकडे. या खेपेला गोळ्या बरोबर भरल्यात, तरी आत्या रात्रभर कण्हतात. आणि परवा पुतण्याची जीन्स भिजत घालताना खिशात रिकामं पाकीट निघालं. त्याच गोळ्यांचं. मागच्या वर्षी तो बाईकवरून पडला होता, खांदा मोडला होता, तेव्हापासून जरा बदललाच आहे. मिस्टर म्हणतात, घरातल्या माणसावर आळ घेऊ नये, भावाला काय तोंड दाखवू? कपाटाला कुलूप लावलं तर पोराच्या मनाला लागेल. लावू का नको? जाऊबाईंना सांगू का?

एक सून, सांगली

*

ताई,

तुमचा प्रश्न कुलपाचा आहे, पण मी पत्रातल्या दुसऱ्याच एका ओळीपाशी थांबले. गोळ्या बरोबर भरल्यात, तरी आत्या रात्रभर कण्हतात. ती ओळ तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. माझी एकतीस वर्षं औषधाच्या दुकानात गेली, त्यामुळे मला ती ओलांडून पुढे जाता येईना. म्हणून हे वाचता वाचता उठा आणि ती डबी घेऊन या. बाकीचं नंतर वाचा.

डबीतल्या चार-पाच गोळ्या पांढऱ्या ताटलीत काढा आणि खिडकीपाशी उजेडात धरा. घरात बंद पाकीट शिल्लक असेल तर त्यातली एक गोळी शेजारी ठेवा. आकार, जाडी, मधली रेघ, कडेची गोलाई, सगळं जुळतंय का बघा. चव घेऊन बघू नका. डबीत दोन जातीच्या गोळ्या निघाल्या तर समजा की कोणीतरी मोजदाद बरोबर राहावी म्हणून मॉर्फिन काढून तिथे दुसरीच पांढरी गोळी ठेवली आहे, तापाची असेल, कॅल्शियमची असेल. हे मी कल्पनेनं लिहीत नाही. दुकानात एकदा एक आजोबा झोपेच्या गोळ्यांची अशीच बाटली घेऊन आले होते. म्हणाले, हल्ली कंपनी बदलली काय, गुणच येत नाही. बाटलीत निम्म्या गोळ्या भलत्याच होत्या. घरात चोरी होतेय हे त्यांना माझ्या काउंटरवर उभं राहून कळलं. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

गोळ्या जुळत नसतील किंवा तुम्हाला नुसती शंका आली तरी आज दुकानं-बिकानं नको, थेट मिरजेच्या डॉक्टरांना फोन लावा आणि आहे ते सगळं सांगा. पाकीट सापडलं, गोळ्या तीन दिवस आधी संपल्या, आता दुखणं आटोक्यात नाही. यात संकोच करायला जागाच नाही, कारण न सांगण्यात फार मोठा धोका आहे. तुम्ही पुढच्या तपासणीला जाऊन नुसतं सांगितलंत की गोळ्यांनी भागत नाही, तर डॉक्टर मात्रा वाढवतील. त्यांच्या बाजूनं ते योग्यच. पण आत्यांच्या पोटात निम्मंच औषध जात असेल आणि मग कुलूप लागल्यावर ती वाढवलेली मात्रा अचानक पूर्ण, खरी, पोटात गेली, तर श्वास मंदावू शकतो. डॉक्टरांना खरी माहिती असेल तर ते विचार करून ठरवतील. नसेल तर ते अंधारात औषध लिहिणार.

तुम्हाला भीती वाटत असणार की आपल्यालाच कोणी धरेल. मॉर्फिन सरसकट सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही, ते बहुतेक मान्यता असलेल्या रुग्णालयातून मिळतं आणि तिथे पाकिटापाकिटाची नोंद असते, हे खरं. पण रुग्णाच्या घरातून गोळ्या जाणं या डॉक्टर-सिस्टरांना नवीन नाही. खरं सांगणाऱ्या माणसाचं औषध ते थांबवत नाहीत. चौदा दिवसांऐवजी सात दिवसांचा साठा द्या, असं तुम्हीच म्हणा. मिरजेची एक फेरी वाढेल. वाढू द्या.

आता कुलूप. लावा. आजच लावा.

पोराला लागेल म्हणता. माझ्या दुकानात मागच्या बाजूला एक लोखंडी कपाट होतं, झोपेच्या आणि नशेच्या गोळ्यांचं. गल्ल्यावर माझा सख्खा भाऊ बसायचा, त्याच्याकडेही त्या कपाटाची किल्ली नव्हती. तो कधी रुसला नाही. ते औषधच कुलपातलं आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरात आपण हे करत नाही म्हणून मग ज्या दिवशी कुलूप लागतं त्या दिवशी ते कोणाच्या तरी तोंडावर लावल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनाच विचारा की या गोळ्या घरी कुलपात ठेवायच्या ना? ते हो म्हणणारच. मग घरात सांगा, डॉक्टरांनी गोळ्या कुलपात ठेवायला सांगितल्यात. यात एक अक्षर खोटं नाही आणि कोणाचं नावही नाही.

कुलूप म्हणजे गोदरेजच्या कपाटाचं धरू नका. त्या कपाटाची किल्ली कुठे असते ते मी तुमचं घर न बघता सांगू शकते. देवघरात वातींच्या डबीखाली, नाहीतर आत्यांच्या गादीच्या कोपऱ्यात. आणि तुमचा पुतण्या लहानपणी सुट्टीला आला असेल तेव्हा, 'बाळा, किल्ली आण रे,' म्हणून त्यालाच धाडलं असेल. आपल्या घरांतून किल्ली लपवतात ती चोरापासून. घरातल्या प्रत्येकाला ती डोळे मिटून सापडते. त्यामुळे जुन्या कपाटावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. छोटी जाड पत्र्याची पेटी घ्या, ती आतून बोल्टनं भिंतीला किंवा कपाटाच्या तळाला आवळून घ्या, म्हणजे पेटीच उचलून नेता येणार नाही. आकड्यांचं कुलूप घेतलंत तर मुलीची जन्मतारीख, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर लावू नका. किल्लीचं घेतलंत तर एक किल्ली तुमच्या अंगावर, झोपतानासुद्धा, गळ्यातल्या दोऱ्यात. दुसरी मिस्टरांच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये किंवा अगदी विश्वासाच्या शेजारणीकडे. दुसरी असलीच पाहिजे. तुम्ही बाजारात अडकलात आणि दुपारी दोनची गोळी चुकली तर त्या कुलपाची शिक्षा आत्यांना.

पेटीतून बाहेर काढायच्या त्या फक्त त्या वेळच्या गोळ्या. डबी बंद करा. गोळी पाकिटातच राहू द्या आणि पाकिटातून सरळ आत्यांच्या तळहातावर, तुमच्या देखत पाण्याबरोबर. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दोन, असंच असेल ना तुमचं? पेटीतच एक दोनशे पानी वही ठेवा. तारीख, वेळ, दिल्या किती, उरल्या किती, सही. रात्री दहाला मिस्टरांनी मोजायचं आणि त्यांनीही सही करायची. त्यांना यात घेणं फार गरजेचं आहे. ते आज म्हणतात आळ घेऊ नये, पण वहीतला आकडा कोणावर आळ घेत नाही आणि त्यांना तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

पेटीत मॉर्फिनबरोबर आणखी काय जायला हवं? दुखण्यावरच्या ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, झोपेच्या आणि घबराटीवरच्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. पाकिटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात 'आरएक्स' किंवा 'एनआरएक्स' लाल रंगात छापलेलं दिसलं की मेडिकलवाल्याला विचारा. लाल खूण काही अँटिबायोटिकवरही असते, म्हणून विचारायचं. मात्रा बदलल्यावर उरलेल्या गोळ्या असू देत म्हणून ठेवू नका, हॉस्पिटलला परत करा. आणि उलट, कुलपात कधीच ठेवू नये अशीही औषधं असतात. जिभेखालची छातीदुखीची गोळी, दम्याचा पंप, इन्सुलिन. ती हाताशी, कुलपाबाहेर.

तुम्ही गावभागात राहता म्हणून एक विचारते. तुमच्याकडे पुराची पिशवी आहे ना? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, त्यानंतर गावभाग-खणभागातल्या कितीतरी घरांतून अशी पिशवी माळ्यावर तयार असते. कागदपत्रं, थोडी रोकड, दागिने, औषधं, सगळं एकत्र, उचललं की निघायचं. पाणी ४० फुटांच्या इशारापातळीकडे चाललं की ती खाली येते. ती पद्धत चांगली आहे, मोडू नका. पण घरात हे चाललेलं असताना सगळी मौल्यवान चीजवस्तू एका पिशवीत, तीही सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी, म्हणजे चोराला बांधून दिलेला डबा. पिशवीत कागदांच्या झेरॉक्स ठेवा, चार कपडे ठेवा, औषधांच्या चिठ्ठ्यांची प्रत ठेवा. सोनं आणि गोळ्या तिथून काढा.

सोनं बँकेत जाऊ द्या. लॉकर घेताना एक गोष्ट सांगलीकरांनी जास्त लक्षात ठेवायची. रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम असे आहेत की लॉकरमधलं सामान आगीत, चोरीत, इमारत कोसळून किंवा बँकेच्याच माणसाच्या लबाडीनं गेलं तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट. पण पुरानं गेलं तर बँक जबाबदार नाही. म्हणून शाखा बघताना भाडं नंतर विचारा, आधी २०१९ ला त्या इमारतीत पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारा. विश्रामबागेकडे जावं लागलं तरी जा. लॉकर आत्या आणि मिस्टर दोघांच्या नावे करा, नॉमिनी लावा आणि मिस्टरांचा मोबाईल नोंदवा, म्हणजे लॉकर उघडला की त्याच दिवशी मेसेज येतो. जे घरात राहणार, आत्यांच्या अंगावरचं, तुमचं रोजचं मंगळसूत्र, त्याचे आणि लॉकरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक डागाचे फोटो काढून ठेवा. सराफाकडून वजन करून घ्या, पावत्या असतील तर त्यांचेही फोटो घ्या. नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, तो उतरवून ठेवा. आत्यांच्या जुन्या पाटल्यांवर तो नसणार, म्हणून फोटो आणखी महत्त्वाचे.

गेलेल्या पाटलीचं काय? आपल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. विटा, खानापूर, आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. आटवलेल्या सोन्याला ओळख राहत नाही. पण अशी पोरं बऱ्याचदा डाग मोडत नाहीत, गहाण टाकतात, कारण मोडायला गेलं तर सराफ पावती मागतो, ओळख विचारतो. तेव्हा त्याच्याशी बोलणं होईल तेव्हा पाटली कुठे आहे असं विचारू नका. विचारा, मोडलीस का गहाण ठेवलीस? चिठ्ठी कुठे आहे? गहाण असेल तर पैसे भरून परत आणता येते. आणि आत्यांच्या फोनवर पैसे पाठवायचं ॲप असेल तर त्याचा पिन आजच बदला. पोरानंच ते चालू करून दिलेलं असेल.

आता पोराबद्दल. त्याच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते, तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्यांइतकीच.

खांदा मोडला तेव्हा त्याला दुखण्याच्या गोळ्या दिल्या असतील. कदाचित तिथूनच लागलं असेल. खात्रीनं मी सांगू शकत नाही, तुम्हीही ठरवून टाकू नका. पण ही सवय कशी जडते ते सांगते. आधी दुखणं जातं, मग झोप छान लागते, मग गोळी नसली की अंग मोडून येतं, नाक गळतं, जांभया थांबत नाहीत, अंगावर काटा येतो, जुलाब लागतात. तोवर मौज संपलेली असते. माणूस गोळी घेतो ते नुसतं उभं राहता यावं म्हणून. आज्जीच्या डबीत हात घालणारा पोरगा आज्जीवर माया करत नाही असा अर्थ काढू नका. आणि म्हणून त्याचं कृत्य लहान होतं असंही नाही. त्याच्यामुळे एक म्हातारी बाई रात्री तळमळतेय. हे त्याला कळलं पाहिजे, आणि ते तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे.

तुम्ही कुलूप लावलंत की साधारण एक-दोन दिवसांत त्याला हा त्रास सुरू होईल. नुसत्या मॉर्फिनचं असेल तर त्यात जीव सहसा जात नाही, पण पोराला तो गेल्यासारखा वाटतो आणि तो बाहेर काहीतरी शोधायला निघतो. बाहेर काय मिळतं ते आपण पेपरात वाचतोच. २०२४ साली कुपवाडला एमडी या नशेच्या पावडरीचा साठा सापडला, २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ तर कारखानाच निघाला. त्याला आपल्या हातानं तिकडे ढकलायचं नाही. म्हणून कुलूप आज, त्याच्याशी बोलणं उद्या सकाळी आणि डॉक्टर त्याच दिवशी. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. या त्रासावर औषध आहे, ब्युप्रेनॉर्फिनसारखी गोळी देऊन हळूहळू उतरवत आणतात. तो झोपेच्या गोळ्याही घेत असेल तर त्या घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. जायच्या आधी कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, दोन्हीला पैसे पडत नाहीत. एक मात्र करू नका. कोणीतरी सांगेल, अमुक गावात एक केंद्र आहे, गाडी पाठवतात, उचलून नेतात, सहा महिने भेटू देत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का ते विचारा. नसेल तर पोराला तिकडे पाठवू नका. मारहाण झालेली मुलं मी बघितली आहेत.

बोलायचं कसं? तुम्ही आणि मिस्टर दोघं, तिसरं कोणी नाही, मुलगी क्लासला गेलेली असताना, सकाळी चहाबरोबर. रात्री नको, तो गोळीवर असेल. पाकीट समोर ठेवा. तो तुम्हाला काकू म्हणत असेल, तर काकू म्हणूनच बोला. 'बाळा, हे तुझ्या खिशात सापडलं. आज्जी रात्रभर जागी आहे. तुला यातून काढायचंय, म्हणून आज आपण तिघं डॉक्टरकडे जातोय.' एवढंच बोला आणि गप्प बसा. तो आधी नाही म्हणेल. मित्राचं आहे म्हणेल, मग चिडेल, मग कदाचित रडेल. 'तू असं का केलंस' हा प्रश्न शंभर वेळा ओठांवर येईल, तो गिळा. त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. पण एक प्रश्न नक्की विचारा, सरळ विचारा. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का? विचारल्यानं कोणाच्या डोक्यात ते शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एका मिनिटासाठीही एकटं सोडू नका.

आणि कधी तो उठवून उठत नसेल, घशातून वेगळीच घरघर येत असेल, ओठ निळसर, श्वास थांबून थांबून, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी झालेली, तर कांदा हुंगवत बसू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि त्यांना स्पष्ट सांगा की मॉर्फिन घेतलं असावं. त्यावर उतारा असतो, पण वेळेत माहीत व्हायला हवं. मुलीलाही एवढं शिकवून ठेवा. बारावीतली मुलगी लहान नाही, घरात काहीतरी बिघडलंय हे तिला तुमच्या आधी कळलेलं असेल.

मिस्टरांना पोलिसांची भीती असेल. घरातल्या चोरीला नव्या न्याय संहितेत कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तक्रार दिल्यावर पुढची सूत्रं आपल्या हाती राहत नाहीत. त्यामुळे चौकीत जायच्या आधी वकिलाशी बोला. दुसरीकडे, अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच कलम ६४-अ आहे. थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. भावाला काय तोंड दाखवू म्हणणाऱ्या मिस्टरांना हे वाचून दाखवा. पण त्यानं धमकावलं, हात उचलला, आत्यांच्या अंगावरचं ओढलं, तर मग चौकीत जायला उशीर करू नका. पुतण्या असला तरी.

जाऊबाईंना सांगायचं का? हो. आणि मिस्टरांनी भावाला नव्हे, तुम्ही जाऊबाईंना आधी. फोनवर नको. डॉक्टरकडे एकदा जाऊन आल्यावर दोघांना सांगलीला बोलवा, किंवा तुम्ही जतला जा. 'तुमच्या पोरानं चोरी केली' हे पहिलं वाक्य असू नये. 'पोरगं आजारी आहे, उपचार सुरू केलेत' हे पहिलं. चोरी दुसऱ्या वाक्यात, पण सांगायचीच, पाटलीसकट. लपवलंत तर चार महिन्यांनी तो गावाकडे जाईल आणि तिथलं कपाट उघडं असेल. तो तुमच्याकडे राहणार का घरी जाणार, ते चौघांनी बसून डॉक्टरांना विचारून ठरवा. तुम्ही एकट्या आत्यांचं दुखणं आणि त्याचं व्यसन दोन्ही सांभाळू शकणार नाही आणि तसं म्हणायला लाजू नका.

आता मावशी.

माझ्या लहानपणी माझ्या आईच्या मोत्याच्या कुड्या गेल्या. आमच्याकडे एक बाई कामाला होत्या, माझ्या वेण्या त्याच घालायच्या. आई त्यांना काही बोलली नाही, फक्त 'उद्यापासून येऊ नका' म्हणाली. त्या काही न विचारता पदरानं हात पुसत निघून गेल्या. सहा महिन्यांनी कळलं, कुड्या नात्यातल्याच एकानं विकल्या होत्या. आईला ते कळलं त्या दिवशी ती त्यांच्याकडे जायला निघाली होती, चपला घातल्या होत्या तिनं. मग म्हणाली, काय तोंडानं जाऊ? आणि परत फिरली. त्यानंतर आई पस्तीस वर्षं जगली. वेणीचा विषय निघाला की गप्प व्हायची.

तुमच्या मावशींना नऊ वर्षांनंतर चोर म्हणून जावं लागलं आहे. त्या आज दुसरीकडे काम मागायला गेल्या की पहिला प्रश्न हाच येत असणार, आधीचं का सुटलं? म्हणून या रविवारी तुम्ही आणि मिस्टर त्यांच्या घरी जा. त्यांना बोलावून घेऊ नका. त्यांच्या घरच्यांच्या समोर, शेजारीपाजारी ऐकत असतील तर ऐकू देत, सांगा की मावशी, तुम्ही काही घेतलं नव्हतं, आमची चूक झाली. कोणी घेतलं ते सांगायची गरज नाही. काढल्यापासूनचा पगार द्या, तो त्यांचाच आहे. ज्या दोन-चार घरी तुम्ही हे बोलला असाल तिथेही जाऊन खोडा. त्या परत कामाला येतील का? येतीलही. नाही आल्या तर आग्रह करू नका, शिव्या दिल्या तर ऐकून घ्या.

आधी आज रात्री दहाच्या दोन गोळ्या पाकिटातून काढून, बघून द्या. उद्या मला दोन ओळी टाका, आत्या झोपल्या का.